डोळ्याची इजा आणि संसर्ग : पहिल्या तासाचे महत्त्व

प्रस्तुत स्मरणिकेत शाळेच्या वाटचालीविषयी आणि माजी विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वाविषयी पुष्कळ लिहिले जाईल. आम्ही मात्र एका व्यावहारिक विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. डोळ्यांना नेहमी होणाऱ्या इजा व संसर्ग कसे ओळखावेत आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत काय करावे, हा तो विषय होय. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत, वैद्य नव्हे. तथापि निवासी शाळेत अध्यापन करणाऱ्यावर रात्री-अपरात्री कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात एखाद्या मुलाचा लाल डोळा पाहण्याची वेळ येतेच. अशा वेळी काय करावे हे जितके महत्त्वाचे, तितकेच काय करू नये हेही महत्त्वाचे असते.

विषयाचे गांभीर्य प्रथम लक्षात घेऊ. आपल्या देशात पन्नाशी ओलांडलेल्या लोकांतील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू आहे, आणि तो शस्त्रक्रियेने बरा होतो. पन्नाशीच्या आतील लोकांचे चित्र वेगळे आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात या वयोगटातील अंधत्वाचे पहिले कारण बुबुळाचा पांढरेपणा हे आढळले. यालाच आपण बोलीत 'डोळ्यात फूल पडणे' म्हणतो. पडलेले दाट फूल औषधाने जात नाही. नेत्रदानातून मिळालेल्या बुबुळाचे प्रत्यारोपण करावे लागते, आणि ते प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. फूल पडण्यामागे पुष्कळदा साधी इजा वा संसर्ग असतो. वेळीच योग्य काळजी घेतली असती तर असे कितीतरी डोळे वाचले असते.

बुबुळ का जपावे?

डोळ्याचा पुढचा, घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक भाग म्हणजे बुबुळ. त्याच्या मागे रंगीत पडदा व त्याच्या मध्यभागी काळी बाहुली दिसते. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच ते पारदर्शक राहते. त्याच्या सर्वांत वरच्या पातळ थराला ओरखडा गेला तर तो थर बहुधा एक ते तीन दिवसांत भरून येतो व मागे खूण राहत नाही. पण हा थर उघडा पडला असताना जंतू किंवा बुरशी आत शिरली, तर तेथे व्रण होतो. व्रण खोल गेला की भरून आल्यावरही पांढरा वण राहतो. हेच ते फूल. ओरखडा आणि व्रण यांच्यामध्ये अनेकदा एखाद-दुसऱ्या दिवसाचेच अंतर असते. पुढील सर्व सूचनांमागचे कारण हेच आहे.

चुना : घरात असलेला धोका

विदर्भात खर्रा आणि तंबाखू यांमुळे चुन्याची पुडी किंवा प्लास्टिकची नळी कोणत्याही घरात सापडते. लहान मूल ती खेळण्यासारखी हातात घेते, दाबते, नळीचे तोंड फुटते आणि चुन्याची चिळकांडी थेट डोळ्यात उडते. चुना हा तीव्र अल्क आहे. आम्लाने डोळा भाजला तर वरचे प्रथिन साकळते आणि आम्ल आत शिरण्यास काहीसा अडथळा होतो. अल्क तसे थांबत नाही. ते पेशींतील स्निग्ध द्रव्य विरघळवीत आत आत जाते. म्हणून चुन्याच्या बाबतीत मिनिटे मोजावी लागतात.

अशा वेळी मुलाला घेऊन रुग्णालयाकडे धावण्यापूर्वी डोळा धुवावा. डोळ्याभोवती कोरडे कण असतील तर ते स्वच्छ कापडाने टिपून घ्यावेत. मग मुलाला आडवे करून किंवा नळाखाली मान कलती ठेवून डोळा उघडा धरावा आणि स्वच्छ पाण्याची धार नाकाच्या बाजूने कानशिलाकडे सोडावी, म्हणजे घाण पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. निदान अर्धा तास धुणे थांबवू नये. मूल रडेल, डोळे गच्च मिटेल. तरी एकाने डोके धरावे, दुसऱ्याने पापण्या उघडाव्यात. वरच्या पापणीखाली चुन्याचे कण चिकटून राहतात व तेथून डोळा जाळीत राहतात. सहज दिसणारे कण ओल्या स्वच्छ कापसाने अलगद काढावेत. चुन्याला 'मारण्यासाठी' लिंबू किंवा व्हिनेगर मुळीच घालू नये. तूप, मध, दूध हेही घालू नये. धुऊन झाल्यावर, रडे थांबले असले तरी, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.

हाच नियम शेतातील फवारणीच्या औषधांना, फरशी धुण्याच्या आम्लाला व होळीच्या रंगांना लागू आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. त्या वेळी डोळ्यांची जळजळ व अंधुक दिसणे या तक्रारीही मोठ्या प्रमाणावर होत्या. फवारणी करणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा आणि बांधावर स्वच्छ पाण्याची कळशी असणे, ही फवारणीपंपाइतकीच आवश्यक साधने मानावीत.

डोळ्यात गेलेला कण आणि ओरखडा

डोळ्यात धूळ किंवा कण गेला की हात आपोआप डोळा चोळू लागतो. चोळल्याने तो कण बुबुळावर घासला जातो आणि साध्या त्रासाचे जखमेत रूपांतर होते. म्हणून पहिली सूचना एकच : चोळू नये. हात धुवावेत, डोळ्यांची उघडझाप करावी आणि स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. वरची पापणी हलकेच ओढून खालच्या पापणीवर आणल्यास आतला कण पुष्कळदा निघून येतो. पापणीच्या आतील बाजूस दिसणारा कण ओल्या कापडाच्या टोकाने टिपता येतो. बुबुळावर रुतलेला कण मात्र घरी काढू नये. जिभेने कण काढणे, आगपेटीच्या काडीने कोरणे हे प्रकार अजूनही गावोगावी चालतात. त्यांतून जंतू सरळ उघड्या जखमेत जातात.

पूर्व विदर्भाच्या दृष्टीने यातील सर्वांत घातक प्रकार म्हणजे झाडापिकाने झालेला ओरखडा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि आपल्या जिल्ह्यातील रामटेक-मौदा भागात धानाची कापणी व चुरणी सुरू झाली की डोळ्यात कोंडा उडतो, लोंबीचे कूस टोचते. इतरत्र पऱ्हाटीची काडी किंवा तुरीचे फणकट लागते, गाईची शेपटी डोळ्यावर बसते. अशा वस्तूंसोबत बुरशी डोळ्यात जाते. बुरशीचा व्रण हळूहळू वाढतो. प्रारंभी केवळ टोचल्यासारखे वाटते, पाणी येते. काही दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. तोपर्यंत उपचार कठीण झालेला असतो.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे उदाहरण येथे सांगणे योग्य होईल. चुरणीच्या दिवसांत त्यांच्या डोळ्यात कूस गेले. मजुरी बुडू नये म्हणून त्यांनी दुकानातून थेंबांची बाटली आणली. थेंब घातले की लाली उतरे, बरे वाटे. म्हणून ते बारा दिवस घालीत राहिले. त्या थेंबांत स्टिरॉइड होते. नेत्रतज्ज्ञापर्यंत पोहोचले तेव्हा बुरशीने बुबुळाचा मोठा भाग व्यापला होता. डोळा जाग्यावर राहिला, दृष्टी गेली. एका डोळ्याच्या माणसाला चुरणीच्या यंत्रावर कोणी उभे करीना, आणि नववीतील मुलाने त्या हंगामात वडिलांच्या जागी कामावर जाणे पत्करले. तो शाळेत परतला, पण वर्ष वाया गेले.

याउलट काय घडू शकते हे नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात दिसून आले. तेथे गावातल्याच स्वयंसेवकांना बुबुळावरचा ओरखडा ओळखण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. ओरखडा दिसताच ते क्लोरॅम्फेनिकॉल हे साधे प्रतिजैविक मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावीत. २००१ साली या कार्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. इजेनंतर अठरा तासांच्या आत ज्यांचे उपचार सुरू झाले, त्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. उशीर झालेल्यांत व्रणाचे प्रमाण तासांगणिक वाढत गेले. तेथे महागडे यंत्र नव्हते, मोठे रुग्णालय नव्हते. इजा झाल्याच दिवशी कोणीतरी जाणकाराने डोळा पाहिला, एवढेच घडले होते. आपल्याकडे हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडे होऊ शकते. कोणते मलम लावावे ते मात्र त्यांनीच ठरवावे.

ठोका, छेद आणि फटाके

गिल्ली, चेंडू, दसऱ्यातील धनुष्यबाण, कंपासपेटीतील कर्कटक, तुटलेला नायलॉन मांजा ही मुलांच्या डोळ्यांच्या इजेची ठरलेली कारणे आहेत. संक्रांतीच्या सुमारास नागपुरात नायलॉन मांजाने गळे व चेहरे कापल्याच्या बातम्या बंदी असूनही येतात. त्यात डोळाही सुटत नाही. या इजांचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत.

ठोका लागलेल्या डोळ्यावर न दाबता थंड पाण्याची घडी ठेवावी. बाहुलीसमोर रक्त साचलेले दिसले, दृष्टी अंधुक झाली किंवा दोन्ही बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, तर मुलाला डोके उंच ठेवून शांत बसवावे व त्वरित रुग्णालयात न्यावे. वेदनेसाठी ॲस्पिरिन देऊ नये. त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

डोळा कापला गेला असेल किंवा त्यात काही रुतले असेल तर नियम पूर्णतः उलटतो. असा डोळा धुऊ नये, दाबू नये, त्यात थेंब वा मलम घालू नये, रुतलेली वस्तू ओढू नये. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर येईल असा, पण डोळ्याला स्पर्श होणार नाही असा ठेवून तो कपाळ व गाल यांच्या आधाराने चिकटवावा. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून खाण्यापिण्यास काही देऊ नये. हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. छिन्नी-हातोड्याने काम करताना उडालेला लोखंडाचा बारीक तुकडा फारशी वेदना न होताही डोळ्याच्या आत शिरतो. 'काहीतरी उडाले आणि तेव्हापासून अंधुक दिसते' एवढे लक्षण तपासणीसाठी पुरेसे आहे. छेद गेलेल्या डोळ्याकडे दुर्लक्ष केल्यास क्वचित दुसऱ्या, धडधाकट डोळ्यालाही सूज येऊन त्याची दृष्टी धोक्यात येते.

फटाक्यांविषयी नव्याने सांगण्यासारखे आहे. २०२५ च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळ व विदिशा भागात, 'कार्बाइड गन' नावाच्या प्लास्टिक नळीच्या खेळण्याने अनेक मुलांचे डोळे जखमी झाले. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निर्माण होतो व त्याचा स्फोट होतो. बार उडाला नाही म्हणून मूल नळीत डोकावते आणि त्याच क्षणी तो उडतो. या क्रियेत मागे उरतो तो चुनाच. म्हणजे स्फोटाची आच आणि चुन्याची जळजळ एकाच वेळी डोळ्यावर येते. विज्ञानाच्या शिक्षकांनी हा प्रयोग फळ्यावर समजावून द्यावा. मुले केवळ मनाईपेक्षा कारण अधिक मानतात, असा आमचा अनुभव आहे.

डोळे येणे

वसतिगृहाच्या दृष्टीने सर्वांत परिचित आजार म्हणजे डोळे येणे. त्याला इतिहासही आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात पूर्व भारतात याची अशी साथ पसरली की लोकांनी त्या आजारालाच 'जय बांगला' हे नाव दिले. अलीकडे, २०२३ च्या पावसाळ्यात, पुणे जिल्ह्यातील आळंदी परिसरातील शाळकरी मुलांत साथ दिसून आली आणि पाहता पाहता राज्यातील रुग्णसंख्या लाखांच्या घरात गेली. विदर्भातील बुलढाणा जिल्हा त्यात आघाडीवर होता.

साथीतील डोळे येणे बहुधा विषाणूमुळे असते. डोळा लाल होतो, पाणी येते, वाळू गेल्यासारखे टोचते, सकाळी पापण्या चिकटतात. घट्ट पिवळी चिपडे येत असतील तर जिवाणूंचा संसर्ग संभवतो. दोन्ही डोळ्यांना मुख्यतः खाजच सुटत असेल तर बहुधा वावडे असते, आणि ते एकापासून दुसऱ्याला होत नाही. विषाणूचा आजार आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पापण्या पुसाव्यात, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्यावा, थंड घडी ठेवावी.

रुग्णाच्या डोळ्यांत पाहिल्याने हा आजार होतो, हा समज निराधार आहे. तो हातांनी पसरतो : डोळा चोळलेला हात, तोच टॉवेल, तीच उशी, तीच बादली, दाराची तीच कडी. काळ्या चष्म्याने रुग्णाला उजेडाचा त्रास कमी होतो. साथ थांबत नाही. म्हणून वसतिगृहात प्रत्येक मुलाचा टॉवेल व रुमाल स्वतंत्र असावा, साबणाने हात धुण्याची सोय असावी आणि डोळे आलेल्या मुलाची झोपण्याची व्यवस्था लाली व पाणी थांबेपर्यंत वेगळी करावी. त्याला वेगळे ठेवताना त्याच्याशी बोलणे थांबवू नये. ते मूल आधीच घरापासून दूर असते.

पापणीच्या कडेला येणारी रांजणवाडी हा लहानसा गळू होय. दिवसातून तीन-चार वेळा कोमट पाण्याच्या घडीने शेकल्यास ती बहुधा बसते किंवा आपण होऊन फुटते. ती पिळू नये. खुपऱ्या या एकेकाळच्या मोठ्या शत्रूविषयी मात्र समाधानाने लिहिता येते. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्यांचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले. औषध, स्वच्छ चेहरा व स्वच्छ पाणी यांनी मिळून हे साधले.

थेंबांची बाटली

वरील उदाहरणातील स्टिरॉइडविषयी थोडे सविस्तर सांगावयास हवे. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही नावे बाटलीवर असतील तर ते थेंब डॉक्टरांच्या सांगण्याविना घालू नयेत. ते सूज व लाली झपाट्याने उतरवतात, पण त्याच वेळी डोळ्याची प्रतिकारशक्ती दडपतात. बुरशी व नागिणीच्या जातीचे विषाणू यांना त्यामुळे मोकळे रान मिळते. दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो. जुन्या चिठ्ठीवर नवे औषध आणू नये, एकाची बाटली दुसऱ्याला वापरू नये, उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यावी. औषध लिहून देणाऱ्याला 'यात स्टिरॉइड आहे का व किती दिवस घालायचे?' असे विचारण्यात संकोच करू नये.

डोळ्याच्या औषधाची चर्चा आपल्या प्राचीन वाङ्मयातही आहे. विनयपिटकातील महावग्गात भिक्खूंच्या नेत्रविकारासाठी अंजनाची, ते ठेवण्याच्या डबीची व लावण्याच्या सळईची अनुज्ञा आलेली आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेतील पहिलीच कथा चक्खुपाल थेरांची आहे. वैद्याने आडवे होऊन औषध घेण्यास सांगितले होते. न निजण्याचा निश्चय केलेल्या थेरांनी ते बसूनच घेतले आणि त्यांची दृष्टी गेली. त्याच कथेत पुढे, रागाच्या भरात रुग्ण स्त्रीच्या डोळ्यांत घातक औषध घालणाऱ्या एका वैद्याचा वृत्तान्त पूर्वजन्माची गोष्ट म्हणून येतो. पूर्वजन्माचा भाग आम्ही बाजूला ठेवतो. अंधत्व हे कोणाच्याही मागल्या पापाचे फळ नव्हे, आणि तसे सांगणाऱ्यांमुळे अनेकांनी उपचारच टाळले आहेत. कथेतील उरलेला भाग मात्र आजही तंतोतंत खरा आहे : सांगितले तसे न घेतलेले औषध आणि घालू नये ते औषध, दोन्ही डोळा घालवितात.

त्वरित कधी जावे?

पुढीलपैकी एकही लक्षण असल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे :

१. दृष्टी कमी होणे किंवा एकाचे दोन दिसणे.
२. तीव्र वेदना, किंवा उजेड मुळीच सहन न होणे.
३. बुबुळावर पांढरा ठिपका, अथवा बाहुलीसमोर रक्त वा पू दिसणे.
४. बाहुलीचा आकार बदलणे.
५. चुना, आम्ल, फवारणीचे औषध किंवा फटाक्याची दारू डोळ्यात जाणे.
६. धान, काडी, काटा यांनी झालेली कोणतीही टोच.
७. महिन्याच्या आतील बाळाच्या डोळ्यांतून चिपडे येणे.
८. लाल डोळा तीन दिवसांत न सुधारणे.

नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले 'मेडिकल', आणि 'मेयो' या दोन्ही ठिकाणी नेत्ररोग विभाग आहेत. गंभीर इजेत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी माजी विद्यार्थी व पालक यांना आमची एक विनंती आहे. ही स्मरणिका घरी नेल्यावर हा लेख वाचून बाजूला ठेवण्यापूर्वी घरातील चुन्याची नळी कोठे आहे ते पाहावे आणि ती मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी. जे गावी राहतात त्यांनी चुरणीपूर्वी आपल्या मजुरांना 'डोळ्यात काही गेले तर त्याच दिवशी सांगा, मजुरी कापली जाणार नाही' असे स्पष्ट सांगावे. मजूर उशीर करतो तो बहुतेक वेळा अज्ञानामुळे नव्हे, दिवसाचे पैसे बुडतील म्हणून. तो एक दिवस त्याला मिळाला, तर त्याचा डोळा वाचेल आणि त्याचे मूल वर्गात बसलेले राहील.